नव्या विंडोजनंतर न दिसणारा ड्राइव्ह

संगणक मंद झाला, मध्येंच अडूं लागला, किंवा त्यांत एखादा उपद्रवी प्रोग्रॅम शिरला, म्हणजे त्यावर विंडोज नव्यानें टाकावी असा सल्ला हल्लीं शेजारीपाजारीही देतात. शिवाय विंडोज १० या आवृत्तीचें नेहमींचें पाठबळ मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्यामुळें पुष्कळ घरीं विंडोज ११ टाकण्याचें काम निघालें. हें काम तासा-दोन तासांत उरकतें. पडदा नवा कोरा दिसतो, यंत्र चपळ झाल्यासारखें वाटतें, आणि मग कोणी तरी ‘डी’ ड्राइव्ह उघडावयास जातो तों तो जागेवर नसतो! त्यांत मुलीचा दहावीचा प्रकल्प असतो, थोरल्या भावाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती असतात, आणि आजोबांच्या हयातींतील अशीं छायाचित्रें असतात कीं ज्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंही नाहीं.

अशा वेळीं जी घबराट उडते ती डिस्कच्या बिघाडापेक्षां अधिक घातक ठरते. कारण घाबरलेला मनुष्य पडद्यावर जें बटण पुढें येईल तें दाबतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगीं माल जेथल्या तेथें असतो. हरवलेली असते ती त्याची नोंद. कोठें घरावरचा क्रमांक पुसला गेलेला असतो, कोठें तलाठ्याचें दप्तर नष्ट झालेलें असतें, कोठें कुलपाची किल्ली सांपडत नसते, तर कोठें दारावरचा नवा पहारेकरी घरच्याच माणसाला ओळखीत नाहीं. या अडचणी बाहेरून सारख्या भासतात, पण त्यांचे उपाय अगदीं निराळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केल्यास बरी होणारी गोष्टही हातची जाते.

मुळांत ‘ड्राइव्ह’ हा शब्द आपण तीन निरनिराळ्या वस्तूंस लावतों. पेटीच्या आंत बसविलेली प्रत्यक्ष डिस्क हा एक ड्राइव्ह. त्या डिस्कचे पाडलेले विभाग, ज्यांस पार्टिशन म्हणतात, तेही ड्राइव्ह. आणि ‘सी’, ‘डी’ हीं जीं अक्षरें आपणांस दिसतात त्यांसही आपण ड्राइव्हच म्हणतों. शेत, शेताचे गट आणि गटांचे क्रमांक या तिहींस एकच नांव दिलें असतां मामलेदार कचेरींत जो गोंधळ होईल तोच येथें होतो.

अक्षरांची हकीकत मोठी मौजेची आहे. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्यांत हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी नांवाच्या लवचिक तबकड्यांवर सर्व काम चाले. अशा दोन तबकड्यांच्या खांचांस ‘ए’ आणि ‘बी’ हीं अक्षरें मिळालीं. पुढें १९८३ सालीं त्याच कंपनीच्या एक्सटी या यंत्रांत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिच्या वांट्यास ‘सी’ हें अक्षर आलें. (हल्लींच्या मोबाइलनें काढलेलीं दोन-तीन छायाचित्रें ठेवलीं कीं ती डिस्क भरली असती!) आज फ्लॉपी कोणाच्या घरीं नाहीं, आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं ती पाहिलीही नसेल, तरी पहिलीं दोन अक्षरें अद्याप मोकळींच ठेविलेलीं आहेत आणि मोजणी ‘सी’ पासून सुरू होते.

आतां ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हीं अक्षरें डिस्कवर कोठेंही कोरलेलीं नसतात. कोणत्या विभागास कोणतें अक्षर द्यावयाचें याची यादी विंडोज आपल्या स्वतःच्या नोंदवहींत, म्हणजे रजिस्ट्रींत, ठेवते. नवी विंडोज आली कीं जुनी नोंदवही रद्द होते आणि नवी विंडोज आपल्या बुद्धीप्रमाणें अक्षरें वांटते. त्यांत ‘डी’ चा ‘ई’ होईल, पेनड्राइव्ह लावलेला असल्यास तोच ‘डी’ होऊन बसेल, किंवा एखाद्या विभागास अक्षरच मिळणार नाहीं. ज्यास अक्षर नाहीं तो ‘धिस पीसी’ या खिडकींत दिसत नाहीं. पण तो नाहींसा झालेला नसतो.

याची परीक्षा सोपी आहे. स्टार्ट बटणावर माउसचें उजवें बटण दाबावें. जी यादी उघडते तींत ‘डिस्क मॅनेजमेंट’ म्हणून एक ओळ आहे, ती निवडावी. खालच्या अर्ध्या भागांत प्रत्येक डिस्कसाठीं एक आडवी पट्टी आणि त्या पट्टींत तिचे विभाग दिसतात. आपल्या हरवलेल्या विभागाचा आकार जर तेथें जुळत असेल, त्यावर ‘एनटीएफएस’ आणि ‘हेल्दी’ असे शब्द असतील, आणि फक्त अक्षर नसेल, तर चिंतेचें कारण नाहीं. त्या विभागावर उजवें बटण दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडावें, ‘अॅड’ म्हणावें, आणि पूर्वीं जें अक्षर होतें तेंच द्यावें. तेंच देण्याचें कारण असें कीं, कांहीं प्रोग्रॅम आपल्या फाइली ‘डी’ वर आहेत असें धरून चालतात. ‘डी’ दुसऱ्यानें बळकावला असेल तर आधीं त्यास दुसरें अक्षर देऊन ‘डी’ मोकळा करावा. याच पट्टींत शंभर किंवा कांहींशे मेगाबाइटचे एक-दोन लहान विभाग असतात, त्यांस मात्र अक्षर देऊं नये व हातही लावूं नये. संगणक सुरू करण्याची आणि दुरुस्तीची सामग्री त्यांत असते, आणि तें पडद्याआड ठेवलेलें असतें तें योग्यच आहे.

क्वचित् या चित्रांत ती डिस्कच दिसत नाहीं, किंवा विंडोज टाकतांनाच ‘ड्राइव्ह सांपडला नाहीं’ असा निरोप येतो. येथें दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. ड्राइव्ह आणि ड्रायव्हर हे दोन शब्द कानास जवळचे असले तरी वस्तु निराळ्या. यंत्राच्या एखाद्या भागाशीं बोलण्याची भाषा विंडोजला शिकविणारा जो लहान प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क ही व्हीएमडी नांवाच्या व्यवस्थेमागें असते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसला तर विंडोजला डिस्क दिसत नाहीं. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून, मोकळा करून पेनड्राइव्हवर घ्यावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ या बटणानें दाखवावा, कीं डिस्क तत्काळ प्रकट होते. टेबलावरच्या संगणकाची पेटी झाडझूड करण्यासाठीं उघडली असेल तर डिस्कची केबल सैल नाहीं ना, हेंही पाहावें. ही साधी गोष्ट शेवटीं सुचते.

आतां जी अडचण खरोखर गंभीर आहे तिच्याकडे वळूं. डिस्क मॅनेजमेंटमध्यें डिस्क दिसते, परंतु जेथें आपला विभाग असावयाचा तेथें काळी रेघ आणि ‘अनअॅलोकेटेड’ हा शब्द दिसतो. किंवा विभाग दिसतो पण त्यावर ‘रॉ’ असें लिहिलेलें असतें, आणि तो उघडूं गेल्यास ‘वापरण्यापूर्वीं ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करूं काय?’ असा प्रश्न येतो. पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, या प्रश्नाचें उत्तर ‘नको’ असेंच द्यावें. विंडोज येथें आपल्यापुरतें खरें बोलत असते; तिला तो विभाग वाचतां येत नाहीं, म्हणून ती त्यास कोरी पाटी समजते. पण तिला वाचतां येत नाहीं म्हणजे त्यावर कांहीं लिहिलेलें नाहीं, असें नव्हे. लिनक्स किंवा मॅक या प्रणालींनीं तयार केलेला शाबूत विभागही विंडोजला याच कारणानें अनोळखी वाटूं शकतो.

असें घडतें कसें, हें समजण्यासाठीं डिस्कचा पहिलाच तुकडा पाहूं. डिस्क ही परंपरेनें ५१२ बाइटांच्या तुकड्यांनीं मोजली जाते, या तुकड्यास सेक्टर म्हणतात. जुन्या एमबीआर पद्धतींत अगदीं पहिल्या सेक्टरमध्यें ४४६ बाइट यंत्र सुरू करण्याच्या कामीं खर्चिलेले असतात, त्यानंतरच्या ६४ बाइटांत विभागांचें कोष्टक असतें, आणि शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का. बेरीज करून पाहावी, बरोबर ५१२ भरते. ६४ बाइटांच्या कोष्टकांत १६ बाइटांची एक अशा चारच नोंदी मावतात. कोठून सुरू, किती लांब, कोणत्या जातीचा, एवढीच प्रत्येकीची माहिती. म्हणजे लक्षावधि छायाचित्रें मावतील एवढ्या डिस्कचा सातबारा चौसष्ट बाइटांत आटोपलेला असतो! तेवढा पुसला गेला कीं सारी डिस्क ओसाड दिसूं लागते. जमीन मात्र जागेवर असते आणि तिच्यावरचें पीकही उभें असतें.

नव्या जीपीटी पद्धतींत या दप्तराची एक प्रत डिस्कच्या आरंभीं आणि दुसरी अखेरीस ठेवतात, आणि विंडोज त्यांत १२८ विभागांपर्यंत नोंदी करूं देते. ही सुधारणा चांगलीच झाली; परंतु दुर्दैवानें पुष्कळांचे विभाग नाहींसे होतात ते याच सुधारणेकडे जातांना. विंडोज १० जुन्या एमबीआर डिस्कवर चालत असे. विंडोज ११ टाकतांना मात्र यंत्र नव्या पद्धतीनें सुरू होत असतें आणि ‘या डिस्कवर एमबीआर कोष्टक आहे, येथें विंडोज टाकतां येत नाहीं’ असा नकार मिळतो. मग कोणी तरी सुचवितो कीं डिस्कपार्ट उघडून ‘क्लीन’ हा शब्द टंकावा, म्हणजे काम होईल. काम होतें खरें. पण ‘क्लीन’ हा एका विभागावर चालत नाहीं, त्यानें संपूर्ण डिस्कचें दप्तर साफ होतें आणि ‘सी’ बरोबर ‘डी’ ही जातो. सल्ला देणारा हें सहसा सांगत नाहीं. तीच अडचण मायक्रोसॉफ्टनें २०१७ पासून विंडोजबरोबर दिलेल्या ‘एमबीआरटूजीपीटी’ या साधनानें, विभाग न पुसतां, सुटण्यासारखी असते.

जर असें घडून गेलें असेल तर काय करावें? सर्वप्रथम, त्या डिस्कवर आणखी कांहीं लिहूं नये. नवीन प्रोग्रॅम टाकूं नयेत, चित्रपट उतरवूं नयेत, ‘इनिशियलाइज’ करण्याविषयीं विचारणा झाल्यास रद्द म्हणावें. शक्य तर ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि तिची आधीं संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरून घ्यावी. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा ती अतिशय अडखळत असेल तर हेंही घरीं करूं नये, जाणत्याकडे न्यावी. डिस्क धडधाकट असेल तर टेस्टडिस्क नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थानें तो लिहिला. हा प्रोग्रॅम, मोजणीदारानें बांधावरचे दगड शोधीत शेत फिरावें त्याप्रमाणें, डिस्कभर हिंडून विभागांच्या सीमा हुडकतो आणि हरवलेलें कोष्टक पुन्हा लिहून देतो. लिहिण्यापूर्वीं तो सांपडलेल्या विभागांतील फाइलींचीं नांवें दाखवितो. तीं ओळखीचीं आहेत अशी खात्री झाल्यावांचून पुढें जाऊं नये. एनटीएफएस विभागाच्या पहिल्या सेक्टरची एक प्रत त्याच विभागाच्या शेवटीं ठेवलेली असते, तिच्या आधारें कित्येक ‘रॉ’ विभागही पूर्ववत् होतात. याच प्रोग्रॅमचा सोबती फोटोरेक. तो नांवें व फोल्डर परत देत नाहीं, पण छायाचित्रें त्यांच्या अंगच्या खुणांवरून वेंचून काढतो.

एका गोष्टीविषयीं खोटी आशा लावणें बरें नव्हे. वरील सर्व विवेचन फिरत्या तबकडीच्या डिस्कला जितकें लागू आहे तितकें एसएसडीला नाहीं. एसएसडींत ट्रिम नांवाची एक व्यवस्था असते. एखादी फाइल पुसली किंवा विभाग फॉरमॅट केला कीं विंडोज डिस्कला कळविते, ‘ही जागा आतां नको आहे’, आणि डिस्क आपल्या सवडीनें ती जागा खरोखरच रिती करते. कोष्टक गमावलेल्या एसएसडीवरील माल पुष्कळदां सांपडतो. परंतु फॉरमॅट केलेल्या एसएसडीवरील बहुधा सांपडत नाहीं. त्याचप्रमाणें, नव्या विंडोजच्या फाइली ज्या जागेवर लिहिल्या गेल्या तेथील जुनें लेखन कोणत्याही डिस्कवरून परत येत नाहीं, मग दुकानदार कांहींही म्हणो.

किल्लीचा प्रकार याहून निराळा. विभाग दिसतो, त्यावर लहानसें कुलूप दिसतें, आणि उघडूं जातां रिकव्हरी की मागितली जाते. हें बिटलॉकर. डिस्कवरील सर्व मजकूर गुप्तलिपींत ठेवण्याची ही व्यवस्था आहे, आणि पुष्कळांनीं ती आपण होऊन लावलेलीही नसते. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर, मायक्रोसॉफ्टचें खातें देऊन विंडोज नव्यानें टाकली असतां, बहुतेक यंत्रांवर ती आपोआप चालू होते. किल्ली ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. मोबाइलवरून तेथें प्रवेश करून पाहावें. घरांत चार खातीं असल्यास चारही पाहावींत, कारण प्रथम ज्यानें यंत्र सुरू केलें त्याच्या खात्यांत ती असण्याचा संभव अधिक. कुलपाच्या पडद्यावर किल्लीचा जो ओळखक्रमांक दिसतो तो खात्यांतील नोंदीशीं जुळवून घ्यावा.

या किल्लींत गणिताची एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांस आवडेल. तिचा प्रत्येक सहा-अंकी गट ११ नें निःशेष भागला जातो. उदाहरणार्थ १३५७९५ हा गट घ्या. एक वजा तीन, अधिक पांच, वजा सात, अधिक नऊ, वजा पांच, उत्तर शून्य. टंकतांना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ही बेरीज ११ च्या पटींत राहत नाहीं, आणि संगणक तत्काळ तो गट चुकला असें दर्शवितो. म्हणजे कागदावरून उतरतांना झालेली चूक आणि खरोखर निराळी किल्ली, या दोहोंतला भेद आपणांस लगेच कळतो. प्रत्येक गटास ११ नें भागून येणारी संख्या १६ बिटांची, असे आठ गट, म्हणजे एकूण १२८ बिट. एवढ्या किल्ल्यांची संख्या लिहूं गेल्यास ती ३९ अंकी भरते. म्हणून किल्ली कोठेंच न मिळाल्यास ‘आम्ही उघडून देतों’ म्हणणाऱ्यास पैसे देऊं नयेत. असें कुलूप अंदाजानें उघडत नाहीं.

राहतां राहिला पहारेकरी. ड्राइव्ह उघडतो, फोल्डर दिसतें, पण त्यांत शिरतांना ‘तुम्हांस परवानगी नाहीं’ असें उत्तर मिळतें. नव्या विंडोजवर आपण जुनेंच नांव घेतलें तरी विंडोज माणसास नांवानें ओळखीत नाहीं. ती प्रत्येक खात्यास एक लांबलचक क्रमांक देते, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. फोल्डरावर मालकी मात्र जुन्या क्रमांकाची लिहिलेली असते. व्यवस्थापकाच्या खात्यानें ‘कंटिन्यू’ म्हटल्यास बहुधा परवानगी मिळते. न मिळाल्यास फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘सिक्युरिटी’ या पानावरून मालकी आपल्या नांवें करून घ्यावी. फाइली पुष्कळ असल्यास यास वेळ लागतो, तोंवर यंत्र बंद करूं नये. ही खटपट आपल्या स्वतःच्या फोल्डरापुरतीच ठेवावी. विंडोजच्या अंतर्गत फोल्डरांची मालकी घेतल्यानें लाभ कांहीं नाहीं, नवी दुखणीं मात्र उद्भवतात.

ज्यांचें सर्व कांहीं ‘सी’ वरच होतें त्यांनींही एकदम निराश होऊं नये. विभाग फॉरमॅट न करतां त्यावरच विंडोज टाकली असेल तर जुना पसारा ‘विंडोज.ओल्ड’ नांवाच्या फोल्डरांत गुंडाळून ठेवलेला असतो. त्यांतील ‘यूझर्स’ उघडून जुन्या खात्याच्या नांवाखालीं पाहावें. तेथें डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सर्व मिळण्याचा संभव असतो. मात्र विंडोज जागा मोकळी करूं लागली कीं हें फोल्डरही नाहींसें होतें, तेव्हां तें काम त्याच दिवशीं करावें.

विंडोज टाकावयाची अजून राहिली असेल त्यांच्यासाठीं एक-दोन गोष्टी. टेबलावरच्या संगणकांत दोन डिस्का असतील तर यंत्राची वीज तोडून दुसरीची केबल काम होईपर्यंत काढून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाहीं ती चुकून पुसली जात नाहीं. लॅपटॉपमध्यें एकाच डिस्कचे विभाग असतील तर त्यांचे आकार कागदावर उतरून ठेवावे, कारण विंडोज टाकतांना पुढें येणाऱ्या यादींत ‘सी’, ‘डी’ हीं अक्षरें नसतात, क्रमांक आणि आकार असतात, आणि कोणती ओळ पुसावयाची हें त्यांवरूनच ठरवावें लागतें. बिटलॉकर चालू आहे कीं नाहीं तेंही पाहावें, आणि असल्यास किल्ली त्याच कागदावर लिहून घ्यावी. शिवाय प्रत्येक विभागास नांव द्यावें. अक्षर विंडोजच्या नोंदवहींत राहतें, पण उजवें बटण दाबून ‘रिनेम’ करून दिलेलें नांव विभागाच्या आंतच लिहिलें जातें आणि नव्या विंडोजलाही तें वाचतां येतें. ‘न्यू व्हॉल्यूम’ या नांवाचे तीन विभाग एकाखालीं एक दिसण्यापेक्षां ‘घरचीं छायाचित्रें’ असें देवनागरींत लिहिलेलें दिसलें, तर तो विभाग ‘ई’ झालेला असो वा अक्षराविना पडलेला असो, घरांतील लहान मूलही तो ओळखून दाखवील.